गडगडलं की तालीम बंद!

सप्टेंबर संपत आला की दुपारभर रणरणतं ऊन आणि संध्याकाळी पाचला आभाळ काळंकुट्ट. परतीच्या पावसाची वेळ आणि कॉलेजच्या ओपन एअरवरची एकांकिकेच्या तालमीची वेळ बरोब्बर एकच! युवक महोत्सवासाठी तुम्ही तालमी केल्या असतील, तर पुढचा सीन तुम्हाला पाठ असेल. वारा सुटतो, स्क्रिप्टचे कागद उडतात, थर्माकोलची भिंत आडवी होते आणि कुणीतरी मोबाइल काढून रील करायला घेतं.

मीसुद्धा केलीय अशी रील. विजा कडाडत होत्या आणि आमचा क्लायमॅक्स चालू होता. ‘थांबायचं नाही!’ दिग्दर्शक ओरडला. आम्हाला भारीच वाटलं, फुकटात लाइट इफेक्ट! तेवढ्यात हॅलोजन बंद करायला गेलेल्या ज्युनिअरला एक्स्टेंशन बोर्डाचा झटका बसला. बोर्डाखाली पाणी साचलं होतं आणि आमच्यापैकी कुणीच ते पाहिलं नव्हतं. ती बचावली. रीलखाली मात्र ‘काय स्पिरिट आहे यार’ अशा कमेंट्स रात्रभर येत राहिल्या.

खरं सांगू? ते स्पिरिट नव्हतं, बेफिकिरी होती. पावसात भिजणं वेगळं आणि विजेखाली उभं राहणं वेगळं. गडगडाट ऐकू येतोय म्हणजे वीज तुमच्यावर पडू शकेल इतकी जवळ आहे, मग पाऊस सुरू झालेला असो वा नसो. अशा वेळी झाडाखाली किंवा उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये नाही, तर पक्क्या इमारतीतच जायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेनं बनवलेलं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांचा इशारा देतं. ग्रुपमधल्या एकाच्या तरी फोनमध्ये ते हवंच. आणि ओल्या हातानं बोर्डाला शिवायचं नाही, हे आईनं शंभरदा सांगितलेलं असतं!

‘अर्धा तास गेला तर तालीम बोंबलते,’ असं तुमचा दिग्दर्शक म्हणेल. तर त्या वेळात आत बसून वाचन करा, राहिलेले क्यू पक्के करा. पण आत म्हणजे कुठे? खरी गोची इथेच आहे. पाचनंतर वर्गांना कुलूप लागतं आणि किल्ली मागितली की ‘अर्ज द्या, बघू’ असं उत्तर मिळतं. करंडक मिळाला की तो मात्र प्राचार्यांच्या केबिनमध्ये झळकतो. ज्या मुलांच्या जिवावर तो येतो, त्यांना तालमीच्या महिन्यात एक वर्ग आणि शॉक लागताच करंट तोडणारा ब्रेकर बसवलेला एक बोर्ड मिळायला नको? ही काही चैन नाही.

त्यामुळे या वर्षी संहिता ठरली की त्याच दिवशी किल्लीसाठी अर्ज द्या. सगळ्या टीमच्या सह्या घ्या, बॅकस्टेजच्या पोरांच्याही. आणि गडगडलं की ‘थांबा’ म्हणायला दिग्दर्शकाची वाट बघू नका. सगळ्यात ज्युनिअर पोरीनं म्हटलं तरी तालीम थांबली पाहिजे.