शिकायचे वय

आमच्या मार्गासनीच्या फाट्यावर एस. टी.ची वाट पाहत उभे राहिले, की गावातल्या बातम्या आपोआप कानावर येतात. गेल्या महिन्यात तेथेच ऐकले, "अठ्ठावीस वर्षांचा घोडा, आणि आता जर्मनीला शाळेत चाललाय!" तो घोडा म्हणजे माझा थोरला दादा.

वडिलांच्या आजारपणात बारावीनंतर दादाचे शिक्षण सुटले. तो शिरवळला कारखान्यात लागला. रात्रपाळ्या करून त्याने यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची बी. ए. पदवी घेतली. रोज वर्गात बसून शिकणारी घरातली मी पहिली, तीही त्याच्याच पगारावर. आता त्याला परदेशी विद्यापीठात ग्रामीण विकासाचा पदव्युत्तर अभ्यास करायचा आहे. पावसाळाभर धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात बायकांच्या डोक्यावर हंडे, हे ज्याने लहानपणापासून पाहिले, त्याने हा विषय निवडावा यात नवल ते काय?

गावाचा आक्षेप आहे तो वयाला. पण मित्रमैत्रिणींनो, शिकायचे वय ठरवतो कोण?

रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला आणि १८८४ ते १८८८ हा काळ खटल्यात गेला. १८८९ मध्ये त्या डॉक्टरीच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या, तेव्हा त्या पंचविशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्या काळच्या हिशेबाने ते लेकीच्या लग्नाची काळजी करण्याचे वय! १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले आणि १९२० मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, पदरी संसार असताना ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये ते डी. एस्सी. झाले.

दादाची या थोरांशी बरोबरी करण्याइतकी मी खुळी नाही. पण उशीर म्हणजे आळस नव्हे, एवढे तरी यातून दिसते. एकीची वर्षे कोर्टाने खाल्ली, दुसऱ्याची पैशाच्या चणचणीने. आणि दोघांच्याही पाठीशी माणसे होती. रखमाबाईंना डॉ. एडिथ पीची यांचा आधार मिळाला. बाबासाहेबांना शाहू महाराजांनी आणि नवल भथेना या मित्राने मदत केली. म्हणून मला वाटते, "वय किती?" हा प्रश्नच चुकीचा आहे. "पाठीशी कोण?" हा खरा प्रश्न.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. पण तेथे वर्षभर राहण्याचा खर्च आधी दाखवावा लागतो. आमच्याकडे दाखवण्यासारखा आहे फक्त रस्त्याकडेचा एक तुकडा. तो घ्यायला पुण्याचे लोक टपून आहेत. घरचे म्हणतात, "तो पोरीच्या लग्नाचा." दादा यावर काही बोलत नाही. अर्ज ट्रंकेत ठेवून तो कामावर जातो.

तो तुकडा माझ्या नावाने राखला असेल, तर माझेही मत विचारले पाहिजे. तो विकू नये. बँकेत तारण ठेवावा आणि दादाला पाठवावे. माझे लग्न रजिस्टरने झाले तरी चालेल. भीती मलाही वाटते. परत येईपर्यंत त्याची तिशी उलटेल, कर्ज फेडायचे असेल, नोकरी मिळेलच असे नाही. पण न जाता काढलेली वर्षे फुकट मिळतात का? त्यांचीही किंमत तोच मोजत आला आहे.

प्राध्यापकांना एक विनंती आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने शासन अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते. तिला पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी ३५ वर्षांपर्यंत वय चालते. अशा सर्व शिष्यवृत्त्यांची आणि शैक्षणिक कर्जांची माहिती ग्रंथालयाच्या फलकावर लावावी. कॉलेज सुटलेल्या, कामाला लागलेल्या आमच्या भावाबहिणींनाही ती वाचायला येऊ द्यावे.

फाट्यावर पुन्हा कोणी विचारले, तर मी सांगणार आहे, "होय, चाललाय. आणि आम्ही पाठवतोय."