माहेरची बॅटरी

आपल्याकडे टॉर्चलाच 'बॅटरी' म्हणतात, कानडीतही ब्याटरीच. त्यामुळे आत काय घातलंय याची चौकशी सहसा कुणी करत नाही. आम्हीही केली नव्हती.

उसाला पाणी पाजायचं तर थ्री-फेज करंट येतो बहुधा रात्री. हे निघाले की सासूबाई दारातून रोज म्हणतात, "निधान होगप्पा." गेल्या चैत्रात बाजारातून आणलेल्या झगझगीत बॅटरीने वीस मिनिटांत मान टाकली, तीही नेमकी बांधाच्या मध्यावर. ह्यांच्या पायाशी काहीतरी सळसळलं. घोणस होती की धामण, हे बघायला उजेडच नव्हता.

मे महिन्यात माहेरी इंदूरला, स्नेहलतागंजात गेले, तेव्हा तो सेल पर्समध्ये टाकून नेला. धाकट्या भावाने आधी मलाच झापलं. "ताई, किल्ल्यांच्या जुडग्यात सेल? काय करून राहिली तू!" (आमच्या इंदुरी मराठीतलं हे 'करून राहिली' काही जात नाही, आणि जाऊही नये.) सेलचं वरचं टोक धन, बाकी सगळा पत्रा ऋण, मध्ये नुसती पातळ प्लॅस्टिकची साल. ती फाटली आणि किल्ली टेकली, की आगच.

मग त्याने सेल काट्यावर ठेवला. वर छापलेलं ९९०० एमएएच. वजन भरलं २९ ग्रॅम! १८६५० जातीचा (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, नावातच माप) चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅमचा असतो, आणि नावाजलेल्या कंपन्यांचीही मजल ३५०० च्या आसपास संपते. त्याच्या मोजणाऱ्या चार्जरने आमच्या सेलचे जेमतेम ८०० काढले.

भावाला रात्रीच्या भटकंतीचा नाद, त्यामुळे घरात सेलचा डबाच. सॅमसंगचा ३५ई म्हणजे मोठा रांजण, लहान तोटी: साठा ३५००, पण सतत ८ अँपिअरपर्यंतच देणार. मुराताचा व्हीटीसी६ (मूळचा सोनीचा, सोनीने तो धंदा २०१७ साली मुराताला दिला) उलटा: साठा ३०००, पण १५ अँपिअर बिनतक्रार. डोंगरापलीकडे झोत टाकायचा तर दुसरा. आम्हाला बांध दिसला म्हणजे झालं, मात्र मोटर बंद होईपर्यंत दिसायला हवा. पहिला सेल एक अँपिअरवर तीन तासांहून जास्त चालतो. तो संरक्षक सर्किटवाला घ्या, असं भावाचं म्हणणं. जास्त चार्जिंग किंवा शॉर्ट झालं तर तो स्वतःच बंद पडतो. तरी रात्रभर चार्जिंगला लावून झोपायचं नाही, ही ताकीद वेगळी.

सर्किटमुळे सेल तीनचार मिलिमीटर लांब होतो, हे मात्र उशिरा कळलं. आमच्या बॅटरीचं झाकण लागेना. म्हणजे बॅटरीही नवी आली.

आता ह्यांच्या खिशात एक जादा सेल असतो, प्लॅस्टिकच्या डबीत. सासूबाईंनी तो हातावर तोलून विचारलं, "इष्ट सण्ण सेलिग एष्ट रोक्क?"

मी निम्मीच किंमत सांगितली.