परदेशवास आणि धानाची रोवणी

आषाढ लागला म्हणजे आमगांवच्या चोहों बाजूंच्या बांध्यांतून रोवणी सुरू होते. हें दृश्य आपण दर वर्षीं पाहतों, म्हणूनच त्याकडे आपलें लक्ष जात नाहीं. दाट वाढलेले हिरवेगार पऱ्हे उपटून, त्यांच्या मुळ्यांची माती धुऊन, ते दुसऱ्या बांधींत चिखलांत रोवले, कीं पहिले आठ-दहा दिवस ते पिवळे पडतात व मान टाकतात. ज्यानें कधीं शेत पाहिलें नाहीं तो म्हणेल, पीक गेलें. परंतु आपल्याकडील शेतकरी घाबरत नाहीं. मुळ्या तुटल्या आहेत, नव्या फुटेपर्यंत असें व्हावयाचेंच, हें त्याला ठाऊक असतें. बांधींत पाणी बेताचें राहील एवढी काळजी मात्र तो घेतो.

शेतकऱ्यास रोपाविषयीं जें ज्ञान आहे, तें आम्हां शिक्षकांस व पालकांस आपल्या मुलांविषयीं नाहीं, असें खेदानें म्हणावें लागतें. हें विधान मी दुसऱ्या कोणास दोष देण्यासाठीं करीत नाहीं. प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेली चूकच त्यास कारण आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आमचा एक माजी विद्यार्थी वीजतंत्रीचें शिक्षण घेऊन मस्कतला नोकरीस गेला. मुलगा कष्टाळू व मितभाषी. प्रथम त्याचे जे फोन येत ते उत्साहानें भरलेले असत : रुंद रस्ते, समुद्र, डोंगराच्या पायथ्याशीं पांढरीं शुभ्र घरें. दोन महिन्यांनीं त्याचा स्वर पालटला. काम नेमलेलें होतें, पगार वेळेवर मिळत होता, कोणी छळीत नव्हतें. तरी त्याला जेवण जाईना व झोंप येईना. आठवड्याची सुटी रविवारीं नसून शुक्रवारीं, भाताऐवजीं खुबूस, खोलींतील तिघे सोबती तीन निराळ्या भाषांचे. “सर, वरिष्ठ गप्प राहिले म्हणजे ते रागावले आहेत कीं माझें काम ठीक झालें आहे, हेंच मला कळत नाहीं. येथें ‘जेवलास का’ असें कोणी विचारीत नाहीं,” असें तो म्हणाला.

मीं त्यास काय उत्तर दिलें ? परमुलखांत गेलेल्यानें रडूं नये. वडिलांच्या डोक्यावरील कर्ज आठवावें. थोडें सोसल्यावांचून कोणाचें भलें झालें आहे? उपदेश उत्तम होता. त्यानंतर चार महिने त्याचा फोन आला नाहीं. सुटीवर आला तेव्हां तो मला भेटावयास आला आणि अत्यंत नम्रतेनें म्हणाला, “सर, तुमचें बोलणें खरें होतें. पण त्यानंतर मला सांगावयाला कोणी उरलें नाहीं.” त्या चार महिन्यांत काम आटोपलें कीं तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. शेवटीं भोजनगृहांतील एका वृद्ध मल्याळी आचाऱ्यानें मोडक्यातोडक्या हिंदींत रोज त्याची विचारपूस सुरू केली, आणि तेथून तो सांवरला. पदवीधर शिक्षकास जें सुचलें नाहीं, तें त्या आचाऱ्यास सुचलें.

या अवस्थेला आज जगभर ‘कल्चर शॉक’ म्हणतात. आपल्या भाषेंत तिला संस्कृतीचा धक्का म्हणतां येईल. कालेर्व्हो ओबर्ग नांवाच्या मानववंशशास्त्रज्ञानें 1954 सालीं ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथें परदेशीय स्त्रियांच्या एका मंडळापुढें या विषयावर व्याख्यान दिलें व 1960 सालीं तें लेखरूपानें प्रसिद्ध झालें. त्याच्या मतें हा धक्का मोठमोठ्या गोष्टींनीं बसत नाहीं. कोणास केव्हां नमस्कार करावा, केव्हां हंसावें, कोणाचें बोलणें खरें धरावें व कोणाचें केवळ सौजन्याचें समजावें, अशा शेंकडों लहान खुणांवर आपला नित्यव्यवहार चालतो. त्या खुणा एकदम नाहींशा झाल्या म्हणजे माणूस गोंधळतो. आरंभीं सर्व कांहीं नवलाईचें वाटतें. मग त्या देशाचा वीट येतो. पुढें हळूहळू नव्या खुणा उमगूं लागतात. आणि शेवटीं माणूस तेथें रुळतो. अशा चार पायऱ्या त्यानें सांगितल्या आहेत. आमच्या विद्यार्थ्याची कहाणी यापेक्षां निराळी नाहीं. ही भित्रेपणाची खूण नव्हे, तुटलेल्या मुळ्यांची आहे.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाहीं. कल्याणच्या आनंदीबाई जोशी 1883 सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, पतीस मागें ठेवून एकट्या अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत असतां त्यांनीं शाकाहार व साडी सोडली नाहीं. तेथील थंडी व अपुरा आहार यांनीं त्यांची प्रकृति खालावली. 11 मार्च 1886 रोजीं त्यांस पदवी मिळाली, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजीं, बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, पुणें येथें क्षयानें त्यांचा अंत झाला. इतक्या प्रतिकूल स्थितींतही त्यांचा अभ्यास तडीस गेला, यास त्यांचा निश्चय जितका कारण, तितकीच रोझेल गांवची कार्पेंटरबाईही कारण. पत्रांतून ओळख झालेल्या या बाईनें आनंदीबाईंना आपल्या घरांत घेतलें, आणि आनंदीबाई तिला मावशी मानीत. त्यांच्या रक्षेस त्या कुटुंबानें न्यूयॉर्क संस्थानांतील पोकीप्सी येथें आपल्या दफनभूमींत जागा दिली. परक्या देशांत एक घर आपलें असणें म्हणजे काय, हें यावरून कळतें.

1883 सालींच पंडिता रमाबाई आपल्या लहानग्या मनोरमेस घेऊन इंग्लंडांत वाँटेज येथील भगिनींच्या मठांत राहिल्या. सप्टेंबरांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु ख्रिस्ती झालें म्हणजे इंग्रज झालें पाहिजे, हें त्यांनीं मुळींच मान्य केलें नाहीं. शाकाहार चालू ठेवला. क्रूसावर लॅटिन अक्षरें कोरण्याचा प्रश्न निघाला तेव्हां, माझ्या देशबांधवांस लॅटिन कळत नाहीं, त्यापेक्षां संस्कृत बरें, असें त्यांनीं कळविलें. त्यांचा हा बाणा मठांतील कित्येकांस गर्वाचा वाटला. पुढें त्या अमेरिकेस गेल्या आणि 1889 सालीं त्यांनीं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ मराठींत प्रसिद्ध केला. त्यांत तेथील स्त्रीशिक्षणाची व लोकोपयोगी संस्थांची मुक्तकंठानें स्तुति आहे. परंतु कृष्णवर्णीयांवर व मूळच्या रहिवाशांवर झालेल्या अन्यायाविषयीं त्यांनीं मौन धरलेलें नाहीं. परदेशाचें सर्वच उत्तम किंवा सर्वच नीच, ह्या दोन्ही टोंकांपासून ही विदुषी दूर राहिली. काय घ्यावें, काय नाकारावें व आपलें काय राखावें, हें ज्यानें ठरविलें आहे त्याला धक्का बसला तरी तो कोलमडत नाहीं.

कोणी म्हणेल, आनंदीबाई व रमाबाई ह्या असामान्य स्त्रिया. आमच्या मुलानें तर पोटासाठीं जावयाचें. पण म्हणूनच त्याला आधीं सांगून पाठविलें पाहिजे. पारपत्र, वैद्यकीय तपासणी, करारपत्र यांची सिद्धता आपण दक्षतेनें करतों; मनाची सिद्धता मात्र कोणी करीत नाहीं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यांत मन उदास होईल, तें बहुधा सरेल. तोंवर बोलणें थांबवूं नकोस, तेथील भाषेचे चार शब्द शीक, एका तरी माणसाशीं घरोबा कर. आणि फारच असह्य झालें तर परत येण्यांत लाज नाहीं, इतकें सांगण्यास कितीसा वेळ लागतो?

आतां शेवटची गोष्ट, आणि तीच मला अधिक महत्त्वाची वाटते. परदेश मस्कतपासूनच सुरू होतो असें नाहीं. सालेकसा किंवा देवरी तालुक्यांतील ज्या मुलाच्या घरीं गोंडी बोलतात, तो वसतिगृहांत येतो तेव्हां त्याच्यापुरता तो परदेशींच आलेला असतो. घंटा, रांग, पुस्तकी मराठी, ताटांतील निराळे पदार्थ, त्याच्या उच्चाराला हंसणारे सोबती ! पहिल्या सत्रांत तो गप्प बसतो, आणि आम्ही प्रगतिपुस्तकावर ‘मंद’ असा शेरा लिहून मोकळे होतों. पोवारी बोलणाऱ्या मुलाचा शब्द आम्ही चारचौघांत सुधारतों व त्याला शुद्धलेखन शिकविल्याचें समाधान मानतों. असे शेरे मींही लिहिले आहेत. ते आतां खोडतां येत नाहींत. पण पुढचे न लिहिणें आपल्या हातीं आहे.

म्हणून माझी विनंति इतकीच आहे कीं, जूनमध्यें नवा विद्यार्थी आला म्हणजे वरच्या वर्गांतील एकानें त्याचें पालकत्व घ्यावें. त्याच्या बोलींतील दोन शब्द आधीं आपण शिकावे, मग आपले वीस त्यास शिकवावे. आणि पहिले कांहीं आठवडे शिक्षकांनीं त्यास रोज एक प्रश्न विचारावा : जेवलास का ? ज्या मुलाला ह्या शाळेंत असें कोणी विचारलें, तो उद्यां जगाच्या पाठीवर कोठेंही गेला तरी शेजारच्या नवख्याला तें विचारल्यावांचून राहणार नाहीं.