टर्बोची गाडी : ऑइलात काटकसर नको, इंधनात उधळपट्टी नको



या सदरात आपण घरखर्च, कर्जाचे हप्ते, मुलांच्या फीचे हिशेब यांविषयी बोलत असतो. आज विषय इंजिन ऑइलचा आणि इंधनाचा आहे. हे वाचून काही भगिनी पान उलटतील. त्यांनी कृपया थांबावे. ज्या घराची चूल गाडीच्या चाकांवर पेटते, त्या घरात ऑइलचा डबा हा गोडेतेलाच्या पिशवीइतकाच संसाराचा विषय आहे.

गेल्या महिन्यात ओळखीच्या एक ताई भेटल्या. राहायला कल्याणला. त्यांचे पती स्वतःच्या गाडीवर नाशिकची भाडी करतात. गाडी डिझेलची, टर्बो इंजिनाची, जुनी म्हणून कर्जावर घेतलेली. दोन वर्षे बरी चालली. मग घाटात ओढेनाशी झाली, शिट्टीसारखा आवाज येऊ लागला आणि मागून निळा धूर निघू लागला. मेस्त्रीने तपासून सांगितले, टर्बो गेला. खर्च निघाला तीन हप्त्यांएवढा. मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी बाजूला काढलेले पैसे त्यात गेले.

चौकशी केली तेव्हा दोन गोष्टी कळल्या. गेल्या दोन सर्व्हिसिंगला त्यांनी रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये पिंपातले सुटे, जाड ऑइल भरून घेतले होते, कारण ते स्वस्त पडले. आणि कसारा घाट चढून इगतपुरीला चहाला थांबले की ते गाडी उभी करताक्षणी चावी फिरवत, म्हणजे डिझेल वाचेल. ताई म्हणाल्या, "भाऊ, आम्ही तर पैसेच वाचवत होतो हो!"

खरी गोष्ट आहे. यात व्यसन नाही, आळस नाही, निष्काळजीपणाही नाही. माहिती नव्हती, एवढेच. म्हणून आज ती माहिती.

टर्बो म्हणजे काय?

इंजिनातून जळालेला गरम वायू सायलेन्सरवाटे बाहेर जातो. साध्या गाडीत तो वाया जातो. टर्बोच्या गाडीत तोच वायू एका लहान पंख्यावर सोडतात. पंखा फिरतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त मिळाली की इंधनही जास्त जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाचे काम करते. ही कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले.

आता या दांड्याची अवस्था पाहा. तो मिनिटाला १ लाखाहून जास्त फेरे घेतो. एका टोकाला आगीसारखा वायू, त्याचे तापमान डिझेल गाडीत ७००-८०० अंशांपर्यंत जाते, पेट्रोल गाडीत त्याहूनही वर. बहुतेक गाड्यांत हा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ऑइलच त्याला घासण्यापासून वाचवते आणि ऑइलच त्याची उष्णता वाहून नेते. ते काही क्षण जरी पोहोचले नाही, तरी धातूवर धातू घासतो.

ऑइलच्या डब्यावर काय वाचावे?

पहिली ओळ जाडीची. ५डब्ल्यू-३० असे काहीसे लिहिलेले असते. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ऑइल गार इंजिनात लवकर धावते. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरची जाडी सांगतो. आपल्याकडे समज असा की उन्हाळा कडक, गाडी जुनी, तेव्हा ऑइल जाड हवे. टर्बोच्या गाडीला हा समज महागात पडतो. टर्बोपर्यंत ऑइल नेणारी नळी बारीक असते. सकाळी गाडी सुरू केल्यावर जाड ऑइल तिथे उशिरा पोहोचते, आणि तोवर दांडा कोरडा फिरतो.

दुसरी ओळ दर्जाची. एपीआय या खुणेपुढे दोन अक्षरे असतात. एस या अक्षराने सुरू होणारे पेट्रोल इंजिनासाठी, सी या अक्षराने सुरू होणारे डिझेलसाठी. एस मालिकेत पुढचे अक्षर वर्णमालेत जितके पुढे, तितका दर्जा नवा. एसएन २०१० चा, एसपी २०२० चा. छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांना हा फरक फार महत्त्वाचा आहे. या इंजिनात एक नवा आजार दिसून आला : इंजिन कमी फेऱ्यांवर असताना जोर दिला, तर ठिणगी पडण्याआधीच आतले मिश्रण पेटते. हा दणका इतका मोठा असतो की पिस्टन फुटू शकतो. ऑइलमध्ये कॅल्शियमची रसायने जास्त असली तर हा धोका वाढतो, असे आढळले. एसपी दर्जाच्या ऑइलला याची वेगळी चाचणी द्यावी लागते. म्हणून टर्बो पेट्रोल गाडीत जुन्या दर्जाचे ऑइल भरू नये, आणि चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटू नये. गिअर खाली घ्यावा.

तिसरी गोष्ट २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांची. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी जाळी असते. काजळी ती अधूनमधून स्वतः जाळते. पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही, ती जाळीत साचत जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचे ऑइल लागते. डब्यावर एसीईए सी२ किंवा सी३ अशी खूण दिसते. आपल्या गाडीला यांतले कोणते, ते गाडीच्या पुस्तकात असते. अशी गाडी फक्त शहरात थोड्या थोड्या अंतरावर चालत असेल, तर ऑइलची पट्टी काढून पाहत जावे. ऑइल कमी होणे वाईट, तसेच वरच्या खुणेच्या पुढे वाढणेही वाईट. काजळी जाळण्याचे काम अर्धवट राहिले की डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते. ते बदलावे.

आणखी एक. सुटे ऑइल घेऊ नये. सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला सांगावा आणि रिकामा डबा फाडून टाकावा, म्हणजे त्यात कोणी भेसळीचा माल भरून विकणार नाही. ऑइलबरोबर ऑइलचा फिल्टरही बदलावा. हवेच्या फिल्टरकडेही दुर्लक्ष नको. तो फाटला तर धुळीचे कण वेगाने फिरणाऱ्या पंख्याची पाती खातात.

किती किलोमीटरला बदलावे? अनेक गाड्यांच्या पुस्तकात १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते, असे लिहिलेले असते. पण त्याच पुस्तकात पुढे धूळ, घाट, ओझे, सतत ट्रॅफिक अशा कठीण वापरासाठी वेगळी, लवकरची मुदत दिलेली असते. भाड्याची गाडी या दुसऱ्या रकान्यात येते, हे विसरू नये.

दोन मिनिटांची सवय

घाट चढून आलेल्या गाडीचा टर्बो अतिशय तापलेला असतो. अशा वेळी इंजिन बंद केले की ऑइलचा पंप थांबतो. आत अडकलेले ऑइल तिथेच भाजते आणि त्याची खरपुडी बनते, जशी तव्यावर राहिलेल्या तेलाची बनते. ही खरपुडी हळूहळू नळी बुजवते. यावर उपाय साधा आहे. घाट चढून किंवा वेगात लांबचा पल्ला मारून थांबलात, तर एक-दोन मिनिटे इंजिन न्यूट्रलवर चालू राहू द्यावे, मग बंद करावे. शेवटचे काही किलोमीटर गाडी सावकाश आणली असेल, तर याची गरज नसते. काही नव्या गाड्यांत टर्बोला पाण्याने गार ठेवण्याची सोय असते, तरी ही सवय वाईट नाही. तसेच सकाळी सुरू करताच रेस देऊ नये. अर्धा मिनिट थांबून निघावे आणि पहिले काही मिनिटे हळू चालवावे.

या दोन मिनिटांत जाणारे डिझेल अगदी थोडे असते. कल्याणच्या भाऊंनी ते वाचवले होते, त्याची किंमत वर सांगितलीच आहे.

इंधनाचे काय?

पेट्रोल पंपावर साधे आणि महागडे असे दोन प्रकार दिसतात. महागडे भरले की गाडी जोरात पळते, असा अनेकांचा विश्वास आहे. हा गैरसमज आहे. ऑक्टेनचा आकडा म्हणजे ताकद नव्हे. दाब आणि उष्णता यांमुळे पेट्रोल स्वतःहून अवेळी पेटू नये, ही सहनशक्ती तो आकडा सांगतो. टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, म्हणून टर्बो गाडीला हा आकडा पाहावा लागतो. पण तो पाहायचा कुठे? इंधनाच्या झाकणाच्या आत आणि गाडीच्या पुस्तकात. तिथे ९१ लिहिले असेल तर १०० ऑक्टेनचे पेट्रोल भरणे म्हणजे पैसे टाकीत ओतणे. तिथे ९५ लिहिले असेल तर मात्र कमी भरू नये. आजची इंजिने अवेळी पेटण्याचा आवाज ओळखून स्वतःला सांभाळून घेतात, पण त्या बदल्यात ओढ आणि अॅव्हरेज दोन्ही कमी करतात. चढावर इंजिनातून खडखड ऐकू आली तर समजावे, इंधन किंवा गिअर चुकला.

भारत स्टेज सहाच्या मानकात साध्या पेट्रोलला किमान ९१ चा आकडा ठरवला होता. २० टक्के इथेनॉल मिसळल्याने तो ९५ पर्यंत जातो, असे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. म्हणजे टर्बोच्या दृष्टीने आकडा सुधारला. परंतु इथेनॉलमध्ये लिटरमागे शक्ती पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच असते, त्यामुळे अॅव्हरेज काहीसे उतरते. इथेनॉल ओलावाही शोषून घेते. गाडी जुनी असेल तर सर्व्हिसिंगला इंधनाच्या रबरी नळ्या तपासून घ्याव्यात, आणि टाकी भरून गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये.

डिझेलवाल्यांनी पंप ओळखीचा आणि खात्रीचा धरावा. आजच्या इंजिनात डिझेल हवेच्या दाबाच्या हजारपटीहून जास्त दाबाने सोडले जाते आणि त्या पंपाला वंगणही डिझेलचेच मिळते. त्यात रॉकेल किंवा पाणी आले की पंप आणि इंजेक्टर दोन्ही जातात. चुकून डिझेल गाडीत पेट्रोल भरले गेले, तर चावी अजिबात फिरवू नये. गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि टाकी रिकामी करून घ्यावी. भरताना नळी कोणती आहे हे खाली उतरून पाहणे, यात कमीपणा नाही.

हे कात्रण गाडीत ठेवा

१. ऑइलची जाडी आणि दर्जा पुस्तकात असेल तोच. जास्त जाड नको, जास्त महागही नको.
२. सीलबंद डबा, नवा फिल्टर, आणि बिलावर तारीख व किलोमीटर.
३. दर आठवड्याला सपाट जागी, इंजिन गार असताना ऑइलची पट्टी पाहणे.
४. घाटानंतर दोन मिनिटे थांबून मग चावी.
५. झाकणावर लिहिले असेल तेच इंधन.
६. निळा धूर, शिट्टी किंवा ओढ कमी झाली, तर त्याच दिवशी गॅरेज. ऑइलचा लाल दिवा लागला, तर जागच्या जागी इंजिन बंद.

शेवटी त्या ताईंच्या घरची गोष्ट. गाडीचे पुस्तक त्यांच्याकडे पहिल्यापासून होते. डॅशबोर्डच्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, जुन्या मालकाने ठेवले होते तसेच. इंग्रजीत आहे म्हणून कोणी उघडले नव्हते. आता मुलीने ते वाचून काढले, ऑइलचा नंबर, दर्जा आणि किलोमीटर मराठीत एका पुठ्ठ्यावर लिहिले आणि वडिलांच्या समोर स्टिअरिंगजवळ चिकटवले. अकरावीचा तिचा प्रवेश उसनवारीने झाला. उसने फिटायला दिवाळी उजाडेल, असे ताई म्हणाल्या. पण परवा मेस्त्रीने पुन्हा पिंपातले ऑइल पुढे केले, तेव्हा भाऊंनी त्या पुठ्ठ्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "हे असेल तर भर, नाहीतर राहू दे."

आपल्या गाडीचे पुस्तक कुठे आहे, ते आज संध्याकाळी पाहा.