यंत्रात फुंकल्यानंतर

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी लोणावळ्यात भुशी धरणाच्या रस्त्याला नाकाबंदी लागते आणि गाडी चालवणाऱ्याच्या तोंडासमोर श्वासतपासणीचे यंत्र येते. रक्ताच्या 100 मिलिलिटरमध्ये 30 मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल निघाले की मोटार वाहन कायद्याचे कलम 185 लागते; पहिल्या खेपेलाच सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. सहलीला आलेल्या हौशी मंडळींना एवढा धाक पुरतो. व्यसन जडलेल्याला तो पुरत नाही, हे मावळातल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. आणि हा व्यसनी माणूस रेल्वे इंजिनाचा किंवा विमानाचा चालक असेल, तर धाकाने तो पिणे थांबवत नाही. लपवण्यात मात्र तरबेज होतो.

विमानात मर्यादा थेट शून्याची. उड्डाणाआधी बारा तास दारूला स्पर्श नको. तपासणीत पहिल्यांदा सापडल्यास तीन महिने परवाना निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षे, तिसऱ्यांदा तो कायमचा रद्द. नोव्हेंबर 2018 मध्ये एअर इंडियाचे परिचालन संचालकच तपासणीत सापडले आणि त्यांनाही तीन वर्षांचे निलंबन झाले. हा कडकपणा योग्यच आहे आणि त्यात तसूभरही सूट नको. पण यंत्र एवढेच सांगते, की आज सकाळी या माणसाच्या श्वासात दारू आहे की नाही. ती काल रात्री का प्यायली गेली आणि उद्या रात्री काय होणार, हे विचारणारे कोणी तिथे नसते.

अमेरिकेत हे विचारणारी माणसे उभी राहिली ती वैमानिकांमधूनच. वैमानिकांची संघटना, कंपन्या आणि हवाई वाहतूक प्रशासन यांनी मिळून 1970 च्या दशकात ‘हिम्स’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. व्यसन कबूल करणाऱ्याचे उड्डाण ताबडतोब बंद होते. मग निवासी उपचार, मनोविकारतज्ज्ञांच्या तपासण्या, अचानक होणाऱ्या चाचण्या आणि परवाना परत मिळाल्यावरही कित्येक वर्षांची देखरेख. त्या देखरेखीत डॉक्टर आणि वरिष्ठ असतातच, पण एक सहकारी वैमानिकही असतो. त्याचे काम सर्वांत मोलाचे. डॉक्टरला गंडवता येते. ज्याने स्वतः परगावच्या हॉटेलात रात्र काढताना तासांचा हिशेब मांडून बाटली उघडली आहे, त्याला गंडवणे अवघड. मार्च 1990 मध्ये नॉर्थवेस्टच्या 650 क्रमांकाच्या उड्डाणातले कॉकपिटमधले तिघेही प्यायलेले निघाले. कप्तान लाइल प्राउज तुरुंगात गेले, परवाना गेला. दारू सोडून, सगळे परवाने मुळापासून पुन्हा मिळवून ते त्याच कंपनीत परतले आणि 747 चे कप्तान म्हणून निवृत्त झाले.

ही अमेरिकेची थेरं आपल्याकडे कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने लोणावळ्याहून पुण्याची गाडी धरावी आणि येरवड्याला जावे. गर्दच्या व्यसनावर डॉ. अनिल अवचट यांनी लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली आणि 1986 मध्ये डॉ. सुनंदा अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभे केले. तिथे कितीतरी कार्यकर्ते एकेकाळी त्याच वॉर्डात दाखल झालेले असतात. हात थरथरत असलेल्या नव्या माणसाशेजारी येऊन बसणारा त्याला उपदेश करत नाही, ‘माझी तिसरी स्लिप झाली तेव्हा...’ अशी पुन्हा व्यसनाकडे घसरल्याची स्वतःची गोष्ट काढतो. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेतही हेच चालते. म्हणजे बरा झालेला माणूस हेच औषध, ही रीत आपल्याकडे चार दशके रुळलेली आहे. नाही ते एवढेच, की ती कामाच्या जागेपर्यंत पोहोचलेली नाही.

आणि कामाची जागा कसली, तर बोरघाट. 1863 पासून गाड्या चढवणारा-उतरवणारा, सदतीसला एक चढ असलेला. चढताना मागून बँकर इंजिने रेटा देतात. उतरताना सारी भिस्त ब्रेकवर आणि केबिनमधल्या माणसावर. हे लोको पायलट लॉबीत, म्हणजे पाळीच्या हजेरीच्या ठिकाणी, सही करतानाच यंत्रात फुंकतात. त्यातले बहुसंख्य निर्व्यसनी, काटेकोर आणि झोपेला पारखे झालेले असतात, हे इथेच नोंदवायला हवे. पण अवेळीच्या पाळ्या, पहाटेचे बोलावणे, रनिंग रूममधली परकी झोप यातून झोपेसाठी घेतलेला एक पेग कधी गळ्याशी येतो हे त्या माणसालाही कळत नाही. कळले तरी सांगणार कोणाला? लॉबीत सांगणे म्हणजे आपल्याच हाताने आपल्यावर कारवाई ओढवून घेणे.

मार्च 2015 मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने विमान आल्प्समध्ये आदळवले, 150 जण गेले. तिथे दारू नव्हती. नोकरी जाईल म्हणून लपवलेला मनाचा आजार होता. त्यानंतर युरोपने विमान कंपन्यांना सहकारी-आधाराची व्यवस्था बंधनकारक केली. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही 2023 मध्ये मानसिक आरोग्यासाठी अशा व्यवस्थेची शिफारस केली आहे. शिफारशीवर न थांबता तिचा नियम करावा, त्यात व्यसनाचा उल्लेख स्पष्ट असावा, आणि मध्य रेल्वेनेही आपल्या लॉबीत तीच रीत आणावी. यंत्राने पकडलेल्याला शिक्षा होऊ द्या. त्याआधी स्वतःहून पुढे आलेल्याला मात्र गाडीवरून उतरवा, उपचाराला पाठवा, त्या काळात पगार चालू ठेवा, आणि नंतर वर्षानुवर्षे तपासत राहा. पगाराच्या मुद्द्यावर प्रशासन कुरकुरेल. पण खर्चाचा हिशेब मांडायचाच तर घाटात घसरलेल्या एका गाडीचाही मांडावा.

द्रुतगती मार्गावरचे ट्रकवाले आणि भाड्याच्या टॅक्सीवाले यात कुठेच बसत नाहीत. त्यांना ना संघटना, ना लॉबी. त्यांच्यासाठी टोलनाक्याजवळ, ढाब्यांच्या आसपास सभा भरवायला मुक्तांगणसारख्या संस्थांना जागा आणि पैसा द्यावा लागेल. एक गोष्ट मात्र सर्वांना लागू आहे. नवरा पितो हे यंत्राच्या कितीतरी आधी बायकोला माहीत असते. मुक्तांगणने ‘सहचरी’ गट काढला तो हे ओळखून. आज वैमानिकाची किंवा लोको पायलटची बायको कार्यालयात फोन करत नाही, कारण त्या फोनने घरचा पगार बंद होईल. तिच्यासाठी वेगळा नंबर हवा, आणि तो उचलणारी दुसऱ्या एखाद्या चालकाची बायको हवी, जिच्या घरातली बाटली काही वर्षांपूर्वी सुटली आहे.