न्हाणीघराचा सांधा आणि घरातील ओल



शिरूर-दौंडकडील जुन्या घरांत मोरी बहुधा मागच्या दारी असे. शहाबादी फरशीच्या सांध्यातून थोडे पाणी झिरपले, तरी ते परसातल्या मातीत मुरून जाई. आता वडीलधाऱ्यांच्या सोयीसाठी न्हाणीघर त्यांच्या खोलीलाच जोडून बांधले जाते. ही सोय मोलाची आहे. परंतु शॉवरखालचा टाइल्सचा सांधा उघडला, की तेच पाणी आजी-आजोबांच्या उशालगतच्या भिंतीत शिरते. म्हणून ही गळती जितकी गवंड्याच्या कामाची, तितकीच आरोग्याचीही बाब होय.

ओल्या भिंतीवर बुरशी धरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी यांविषयी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दमा व श्वसनाच्या तक्रारींशी ओलीचा असलेला संबंध त्यांत मांडलेला आहे. दुसरा धोका घसरण्याचा. उंबऱ्याबाहेर झिरपलेले पाणी रात्री उठणाऱ्या वृद्धाला दिसत नाही. याच संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढील व्यक्तींची संख्या सर्वाधिक असते. ओल विजेच्या बटणापर्यंत किंवा गिझरच्या जोडणीपर्यंत पोहोचली असेल, तर वीजपुरवठा मुख्य बटणापाशी बंद करून आधी जाणत्या वायरमनला बोलवावे. सांध्याचा विचार त्यानंतर.

सांधा का उघडतो?

भिंत आणि जमीन जिथे मिळतात, तिथे दोन्ही पृष्ठभाग उष्णतेने व भाराने किंचित हलत असतात. पांढरे सिमेंट कडक असल्याने ही हालचाल सोसत नाही आणि त्याला केसाएवढी भेग पडते. स्टुलावर बसून आंघोळ करणाऱ्या ज्येष्ठांच्या तांब्यातील पाणी तर याच कोपऱ्यावर वारंवार आदळते.

दुसरे कारण आपल्या स्वच्छतेच्या सवयीत आहे. बोअरवेलच्या जड पाण्याने टाइल्सवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि तो घालवण्यासाठी ॲसिड ओतले जाते. ॲसिड क्षारांबरोबर सांध्यातील सिमेंटही खाऊन टाकते. शिवाय ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. त्यापेक्षा आंघोळीनंतर भिंत व फरशी वायपरने निपटून कोरडी करावी, म्हणजे क्षार साचतच नाहीत.

आधारासाठी बसवलेल्या दांड्यांच्या स्क्रूची भोके हीदेखील पाण्याची वाट ठरू शकतात. दांडा काढून टाकू नये. भोकाभोवती सीलंट भरून घ्यावे.

आधी उगम ओळखावा

ओलीची कड पेन्सिलीने भिंतीवर आखून ठेवावी. दोन दिवस न्हाणीघर वापरू नये, मात्र नळाचा पुरवठा चालू ठेवावा. तरीही ओल रेषेपुढे सरकली, तर दोष भिंतीतील नळीचा असण्याची शक्यता मोठी. तिथे प्लंबरच हवा. ओल थांबली किंवा मागे सरली, तर संशय सांध्यावर किंवा नहाणी ट्रॅपभोवतीच्या भरावावर घ्यावा.

दुरुस्तीचा क्रम

सैल झालेले जुने सिमेंट व सीलंट पूर्ण खरवडून काढावे. जुन्यावर नवे चढवले तर ते टिकत नाही. भेग घासून स्वच्छ करावी आणि किमान एक दिवस, ओल खोल असल्यास अधिक काळ, पूर्ण सुकू द्यावी. टाइल्सच्या मधल्या फटींत ग्राउट भरावे. भिंत-जमिनीच्या कोपऱ्यात मात्र न्हाणीघरासाठीचे बुरशीरोधक, न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन सीलंट वापरावे. ते लवचीक असते. दोन्ही कडांना चिकटपट्टी लावून सीलंटची सलग रेघ भरावी, ओल्या बोटाने दाबून सारखी करावी आणि पट्टी लगेच काढावी. त्यानंतर साधारण २४ तास, किंवा वेष्टनावर सांगितले असेल तितका वेळ, पाणी लागू देऊ नये.

हे करूनही ओल परतली, तर टाइल्सखालचा जलरोधक थर खराब झाला असण्याची शक्यता आहे. तो वरून सीलंट भरून बरा होत नाही. टाइल्स काढूनच काम करावे लागते.

सांभाळणाऱ्यांसाठी

या कामाला उन्हाळ्याचे कोरडे दिवस उत्तम; पावसाळ्यात सांधा लवकर सुकत नाही. दुरुस्तीच्या दिवसांत ज्येष्ठांच्या आंघोळीची व्यवस्था आधीच ठरवावी. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाने अंग पुसून घेणे पुरेसे असते. दूरच्या किंवा अनोळखी न्हाणीघरात त्यांना एकटे पाठवू नये. सीलंटचा वास जाईपर्यंत खिडकी उघडी ठेवावी आणि दम्याच्या रुग्णाला दुसऱ्या खोलीत झोपवावे. खाली वाकून खरवडण्याचे काम ज्येष्ठांनी स्वतः करू नये. ते घरातील तरुणाने किंवा गवंड्याने करावे.

पुढे महिन्यातून एकदा कोपरा, ट्रॅप आणि दांड्यांची भोके बॅटरीच्या उजेडात पाहावीत. भेग केसाएवढी असतानाच भरली, तर एका नळीत काम भागते आणि उशालगतची भिंत कोरडी राहते.