चकवा आणि व्हिडिओ गेम

आपल्याकडे भुताखेतांची वाण कधीच नव्हती. मुंजा, हडळ, खवीस, वेताळ अशी मोठी फौज आजी-आजोबांनी आपल्या हवाली केली आहे. या साऱ्यांत मला सर्वांत भयंकर वाटतो तो चकवा. त्याला उलटे पाय नाहीत की मोकळे केस नाहीत. त्याला मुळी रूपच नाही. भातखाचरांच्या बांधावरून निघालेला माणूस रात्रभर चालतो आणि पुन्हा त्याच बांधावर येतो, एवढीच त्याची गोष्ट. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. आमच्या उर्से गावाजवळ टोलनाक्याचे दिवे रात्रभर जळतात. त्या उजेडात हडळीचे आता हसू येते. चकव्याची गोष्ट ऐकताना मात्र अजूनही अंगावर काटा येतो. असे का व्हावे?

याचे उत्तर मला व्हिडिओ गेममध्ये सापडले. प्राध्यापकांनी नाक मुरडण्यापूर्वी थोडे ऐकून घ्यावे. २०१४ साली निघालेल्या ‘पी. टी.’ या गेममध्ये जवळजवळ सारा खेळ घरातल्या एका बोळात चालतो. टोकाचे दार उघडावे तर पुढे पुन्हा तोच बोळ! फक्त दर फेरीला काहीतरी किंचित बदललेले असते. हा आपला चकवाच नाही काय? ओळखीची जागा परकी झाली की माणसाचा आधारच सुटतो.

दुसरी गोष्ट लपवण्याची. ‘सायलेंट हिल’ (१९९९) मधले गाव दाट धुक्यात बुडालेले आहे. त्या काळच्या यंत्राला दूरचे दृश्य रेखाटणे झेपत नव्हते, म्हणून धुक्याचा आडोसा घेतला गेला. पण त्या अडचणीतूनच खरी भीती जन्मली. नायकाजवळचा रेडिओ खरखरू लागला म्हणजे काहीतरी जवळ आले. काय आले, ते दिसत नाही. पावसाळ्यात लोणावळ्याचा घाट चढलेल्यांना धुक्याचा हा गुण वेगळा सांगायला नको.

तिसरी गोष्ट असहायतेची. नारायण धारपांच्या कथेत ‘समर्थ’ आले की वाचकाला धीर येतो. गेममध्ये बंदूक हाती आली की तसेच होते; भुताची मग शिकार होते. ‘ॲम्नेशिया’ (२०१०) या स्वीडिश गेममध्ये नायकाजवळ शस्त्रच नाही. त्याने पळावे किंवा लपावे. राक्षसाकडे नुसते पाहत राहिले तरी त्याचे भान सुटू लागते.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चित्रपटातील नायिका तळघरात उतरते, तेव्हा आपण डोळे मिटले तरी ती उतरतेच. गेममध्ये आपण बटण दाबल्याशिवाय दार उघडत नाही. भीतीकडे नेणारे पाऊल आपणच टाकतो.

अशा करमणुकीने अंधश्रद्धा वाढते, असा आक्षेप कोणी घेईल. मला उलट वाटते. भोंदू देवऋषी दुसरे काय करतो? “घरात काहीतरी आहे,” एवढेच तो म्हणतो. काय आहे, ते सांगत नाही. रोजचे घर परके करून टाकतो. तुमच्या हाती उपाय नाही, हे तुम्हाला पटवतो. मग नारळ, कोंबडे, पैसे असे एकेक पाऊल तुमच्याच हातून टाकून घेतो. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो भोंदूला शिक्षा करील, पण मनातले धुके कायद्याने कसे हटावे? माझ्यासारख्या, घरातून कॉलेजात पहिल्यांदाच आलेल्या मुलाला हा प्रश्न पुस्तकातला वाटत नाही. आमच्या ओट्यावर तो रोज चर्चिला जातो.

म्हणून मला वाटते, भीती जरूर चाखावी, पण ती रचतात कशी हेही पाहावे. गेमची भीती यंत्र बंद केले की संपते. गावातली भीती बंद करायला बटण नाही. तिथे “काय आहे ते स्पष्ट सांगा” असे विचारणारा कोणीतरी घरात असावा लागतो. शिकलेल्या मुलांनी निदान एवढे तरी करावे.